जुन्या फार्महाऊसचं स्वयंपाकघर: कॅबिनेटआधी जमीन आणि भिंत

कॅबिनेटची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. आधी फरशीचे जुने थर काढून खालच्या लाकडी तुळया बघा. सिंकखालचं लाकूड बऱ्याचदा कुजलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा, सहज आत गेला तर तो भाग बदलायचाच. तुळईतून पाइप न्यायचा असेल तर भोक तिच्या उंचीच्या मधोमध पाडा, व्यास उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. प्लंबर घाईत खालच्या कडेला खाच मारतात. सगळा ताण तिथेच असतो, म्हणून तुळई तिथूनच तडकते.

भिंत चुन्याची असेल तर डागडुजीही चुन्यानेच. सिमेंटच्या गिलाव्यात ओल कोंडते, पोपडे सुटतात आणि शिव्या मात्र रंगाला बसतात. जुना रंग काढण्याआधी त्यात शिसं हा विषारी धातू आहे का, याची चाचणी करा. कोरडा घासू नका.

जमीन सपाट नसणारच. लेझर लेव्हलने (आडवी समतल रेषा दाखवणारं यंत्र) सर्वांत उंच जागा शोधून सगळ्या कॅबिनेटची उंची तिथून धरा, बाकीच्यांखाली पाचरी घाला. टोकाला, कॅबिनेट आणि भिंतीमधली फट झाकायला, 5 सेंटिमीटरची फिलर पट्टी ठेवा आणि भिंतीच्या वाकाप्रमाणे तासून बसवा. ओट्याच्या दगडाचं माप कॅबिनेट पक्की झाल्यावरच घ्या, नकाशावरून नको; जुन्या घरात काटकोन क्वचितच सापडतो.