शिवणीतली माया

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पुण्यात नोकरी लागली, पहिला पगार हातात पडला आणि आता विचारतोस, ‘मास्तर, माझी स्वतःची अशी स्टाइल कशी शोधू?’ सोबत सात फोटो. सातही फोटोंत दुसरेच कुणीतरी उभे! टेलरिंगच्या दुकानात चाळीस वर्षं हेच बघितलं. आधी बेलबॉटम, मग सफारी, मग प्लेटवाली पँट. गिऱ्हाईक फोटो पुढे करणार आणि म्हणणार, “डिट्टो असंच पाहिजे.”

मीही त्यातलाच. माझ्या लग्नात मी स्वतः शिवलेला सूट घातला होता. सोलापूर, मे महिना, आणि अंगावर टेरिवूल. वर ऐसपैस होईल म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, चांगला खोल कापलेला. हार घालायला हात वर केले तर अख्खा कोट कानापर्यंत चढला. (मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा, हे त्या दिवशी कळलं.) फोटोत मला मानच नाही. तुझी काकू पाहुणे आले की अजून तो अल्बम काढते.

तेव्हा फोटो राहू देत, कपाट उघड. कॉलर विरलेला शर्ट कुठला आहे बघ. तुझा तो मातकट हिरव्या चेक्सचा असणार. त्याची कॉलर मीच पलटून दिली होती. नवे शर्ट घडीत पडून असताना तोच का झिजला? हातमागाचा सुती आहे, घामानं अंगाला चिकटत नाही, बाह्या दुमडल्या की तुला बरं वाटतं. पुढची खरेदी त्या शर्टाला विचारून कर.

रेडीमेड घेताना आधी खांदा बघायचा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते. खांदा उसवायचा म्हणजे बाही, मुंढा सगळंच आलं, त्यापेक्षा नवा शर्ट शिवलेला परवडतो. मग कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, किती ठेवलीय ते बघ. पँटीला मागे इंचभर माया असली तर मेसच्या जेवणानं पोट सुटलं तरी निभावतं. हल्ली मायाच ठेवत नाहीत, तेवढंच कापड वाचतं.

‘ऑफिसात गावंढळ दिसेन का’ असंही लिहिलंयस. ‘कपड्यात काय आहे’ असं मी म्हणणार नाही. कपड्यावरून ज्याला कधी कुणी दारात अडवलं नाही, त्यानं ते म्हणावं. गांधीजींनी 1921 मध्ये मदुराईत सदरा-टोपी सोडून पंचा नेसला, गरिबासारखं दिसायचं म्हणून. बाबासाहेबांनी 1927 च्या डिसेंबरात महाडला बायकांना सांगितलं, लुगडं नेसायची रीत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाका. स्वतः ते सुटाबुटात वावरले. पंचाही विचार करून नेसलेला आणि सूटही विचार करून घातलेला. तुला बघून लोकांनी काय ओळखावं, ते तू ठरव. गावाकडचा आहेस हे ओळखावं असं वाटत असेल तर तेही चालेल, फक्त इस्त्री करून जा.

आणि ते खणाचे अख्खे शर्ट निघालेत ना, मला काही पटत नाहीत. चोळीचं कापड ते. फार तर जाकीट शिव, तेही एकच.

दिवाळीला येशील तेव्हा तो हिरवा शर्ट आण. त्याच्यावरूनच माप घेईन. काज करायला आता डोळे साथ देत नाहीत, ते बाहेरून करून घेऊ. कापायचं मात्र मीच.

तुझा,
मास्तर