वाचकांचे प्रश्न: गाडीतला कॅमेरा थरथरतो, पक्की बैठक कशी करावी?

प्रश्न : कन्नडच्या घाटाचं चित्रीकरण गाडीच्या आतून करायचं आहे. कॅमेरा साधारण ७०० ग्रॅमचा. पुढच्या रिकाम्या सीटवर ट्रायपॉड बेल्टने बांधला, खाली स्पंजची उशी घातली, तरी चित्र थरथरतंच. घरी काही बनवता येईल का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पहिल्यांदा ती उशी काढा. चालत्या गाडीत हादरे तीन तऱ्हेचे असतात. स्प्रिंगवर बॉडी डोलते ती सेकंदाला एक-दोन वेळा. खड्ड्यावरून चाकं उसळतात ती १० ते १५ वेळा. आणि चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं चालू असलं, तरी सेकंदाला साधारण २७ धक्के देतं. मऊ बैठक जलद थरथर थोडीफार गाळते, पण तिच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळणारा हादरा मात्र वाढवते. सीटचा फोम, उशी आणि ट्रायपॉडचे बारीक पाय मिळून जे डोलतं, ते चाकांच्या उसळीला बरोब्बर साथ देतं. म्हणून घरगुती बैठकीत मऊपणा नको. कॅमेरा गाडीच्या सांगाड्याशी एकजीव हवा.

त्यासाठी चांगली जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या हेडरेस्टचे दोन रॉड. दोन्ही सीटना जोडणारी आडवी पट्टी टाकू नका. मग ड्रायव्हरला आपली सीट मागेपुढे करता येत नाही. काही लहान गाड्यांना हेडरेस्ट सीटमध्येच घडवलेलं असतं, तिथे ही रचना चालणार नाही.

सामान असं: सागवानाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २५ मिमी जाड आणि ४५ मिमी रुंद. लांबी म्हणजे दोन रॉडमधलं अंतर अधिक २५ सेंमी. ८ मिमीचे ७० मिमी लांब चार बोल्ट, आठ मोठे वायसर, चार नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने न सुटणारे). ५० × ५० × ६ मिमी अॅल्युमिनियम अँगलचा (काटकोनात वळलेल्या पट्टीचा) १० सेंमी तुकडा आणि तो बसवायला ६ मिमीचे दोन बोल्ट. सायकलची जुनी ट्यूब. सामान बांधायचा २५ मिमी रुंदीचा बकलवाला पट्टा.

रॉडची जाडी व्हर्नियरने मोजा, अंदाज नको; प्रत्येक गाडीत ती वेगळी असते. समजा १२ मिमी निघाली. दोन्ही पट्ट्यांमध्ये २ मिमी जाडीचा पुठ्ठा ठेवून त्या शिकंज्यात घट्ट आवळा आणि रॉडच्या जागी बरोबर सांध्यावर १३ मिमीची दोन भोकं पाडा. मग पुठ्ठा काढून टाका. प्रत्येक पट्टीत अर्धगोल खाच तयार होते आणि पुठ्ठ्याएवढी फट उरते. ही फटच सगळं काम करते. पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर बोल्ट कितीही आवळा, जोर लाकडावर जातो आणि रॉड आत फिरतच राहतो. खाचेत ट्यूबचा एकच थर द्या, तोही फक्त पकडीसाठी. प्रत्येक रॉडच्या दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट घ्या आणि चारही थोडे-थोडे करून फिरवत आवळा.

पट्ट्यांचं वाढीव टोक दोन सीटच्या मधल्या जागेकडे येईल. कॅमेऱ्याचा अँगल त्याच टोकावर, पण शेवटच्या रॉडपासून १५ सेंमीच्या आत बसवा. टोकावर वजन असलेली पट्टी किती वाकेल, हे लांबीच्या तिसऱ्या घातावर ठरतं: लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. जाडीचा हिशेब उलटा, जाडी दुप्पट केली की वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. बाजारातल्या लांब, वळणाऱ्या दांड्या घाटात फसतात त्या यामुळेच.

एवढं करूनही बारीक खडखड उरते, कारण रॉड ज्या प्लॅस्टिकच्या नळीत बसतात त्यांत थोडी मोकळीक असतेच. ती मारायला तिसरा आधार हवा. बकलवाल्या पट्ट्याचं एक टोक कॅमेऱ्याजवळ लाकडाला बांधा, दुसरं त्याच सीटखालच्या लोखंडी फ्रेमला, आणि खाली ताणा. रॉड एका बाजूला दाबून बसतात आणि आवाज थांबतो. पट्टा हँडब्रेकच्या आणि ड्रायव्हरच्या बेल्टच्या आड येत नाही ना, ते दोन्ही हाताळून पाहा. ड्रायव्हरने जागेवर बसून आतल्या आरशात मागची काच दिसते का हेही बघावं; कॅमेरा आड येत असेल तर खाली घ्या. या बैठकीच्या थेट मागच्या सीटवर कुणाला बसवू नका. जोरात ब्रेक लागला तर तोंड लाकडावर आपटेल.

आता कॅमेऱ्याचा बोल्ट. इथे बरेच जण कॅमेरा खराब करून बसतात. ट्रायपॉडचा आटा पाव इंची असतो, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ६ मिमीचा बोल्ट दिसायला तसाच, पण त्याची जाडी ६.३५ ऐवजी ६ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर १.२७ ऐवजी १ मिमी. दोन-तीन आटे जातो, मग अडकतो, आणि जोर केला की कॅमेऱ्याचे आटे खातो. नीट मागून पाव इंची, अर्धा इंच लांबीचाच बोल्ट घ्या. ६ मिमीचा अँगल, दीड मिमीचा वायसर आणि ट्यूबचा एक मिमीचा थर वजा जाता सव्वाचार मिमीच्या आसपास आटा वर उरतो, तेवढा पुरतो. साडेपाच-सहा मिमी वर आला तर तो भोकाच्या तळाला टेकतो: बोल्ट घट्ट लागतो, कॅमेरा मात्र ढिलाच.

तपासणी अशी करा. गाडी उभी, इंजिन चालू, दोन मिनिटं रेकॉर्डिंग. इथेच चित्र लहरत असेल तर बैठक अजून लवचीक आहे. अँगल रॉडच्या जवळ सरकवा. उभ्या गाडीत ठीक आणि खड्ड्यावर झटका दिसला तर कुठला तरी नट सैल आहे. संपूर्ण दृश्य सावकाश वर-खाली होत असेल तर ती गाडीच डोलते आहे, बैठकीचा दोष नाही. टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवा.

प्रश्न : तोरणमाळच्या घाटात मोबाइलवर शूटिंग करतो. सरळ रस्त्यावर छान येतं, वळणावर चित्र अडखळून सरकतं. भर दुपारी तर रस्ता जेलीसारखा हलतो.
– एक वाचक, शहादा

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. वळणावरची सरक मोबाइलच्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणामुळे येते. गाडी वळली की मोबाइलला वाटतं हात हलला. तो चित्र मागे धरून ठेवतो आणि मर्यादा संपली की एकदम सोडतो. पक्क्या बैठकीवर ते बंद करा.

जेलीचं कारण असं, की सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात मोबाइल हलला तर ओळी तिरक्या पडतात. उन्हात शटर सेकंदाच्या चार-पाच हजाराव्या भागावर जातं, प्रत्येक फ्रेम धारदार येते आणि तिरकेपणा उघडा पडतो. एनडी ३२ फिल्टर (उजेड ३२ पट कमी करणारी गडद काच) लावून मॅन्युअल अॅपमध्ये शटर १/१०० च्या आसपास आणा. थरथर त्यामुळे जात नाही, फक्त कमी दिसते. मूळ इलाज वरच्या उत्तरातलाच. फोकसही अनंतावर कुलूपबंद ठेवा, नाहीतर काचेवरच्या किड्यावर जाऊन बसतो.

प्रश्न : काचेला चिकटणारा सक्शनचा स्टँड मे महिन्यात हमखास गळून पडतो. उपाय?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्याकडे ४४-४५ अंशांच्या उन्हात बंद गाडीतली काच हात लावू देत नाही. रबर नरम पडतं, कडेने हवा शिरते. काच आणि रबर दोन्ही स्पिरिटने पुसा, गाडी सावलीत थंड असताना लावा, तासाभराने दाब सोडून पुन्हा बसवा. मोबाइलला नायलॉनची दोरी असलीच पाहिजे. एअरबॅगच्या झाकणावर किंवा ड्रायव्हरच्या नजरेच्या पट्ट्यात काहीही नको. गाडी उभी केली की कॅमेरा सोबत न्या. बहुतेक कॅमेऱ्यांना ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगितलेलं असतं.

प्रश्न : काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब येतं.
– एक वाचक, रावेर

उत्तर : डॅशबोर्डवर काळं, चमक नसलेलं मखमली कापड पसरा, कडा वेल्क्रोने धरा, एअरबॅगचं झाकण आणि पुढच्या काचेखालचे हवेचे झरोके मोकळे सोडा. उरलेलं प्रतिबिंब पोलरायझर फिल्टर (काचेवरची चमक गाळणारा) फिरवून बरंच जातं. मात्र त्याच फिल्टरने बाजूच्या काचेतून केळीच्या बागा टिपायला गेलात तर काचेवर डाग आणि पट्टे उमटतील. बाजूच्या काचा टफन केलेल्या (तापवून कणखर केलेल्या) असतात, त्यांतला ताण पोलरायझरमधून दिसतो. तिथे फिल्टर काढा, शक्य असेल तर काच खाली करा.

प्रश्न : ड्रायव्हिंग शिकवण्यासाठी क्लच-ब्रेकवरचे पाय दाखवायचे आहेत. कॅमेरा कुठे लावू?
– एक वाचिका, अमळनेर

उत्तर : ड्रायव्हरच्या पायांकडे कॅमेरा लावू नका; सुटून पेडलखाली गेलं तर ब्रेक दाबला जाणार नाही. छोटा अॅक्शन कॅमेरा मधल्या कन्सोलच्या डाव्या अंगाला, शेजारच्या सीटच्या बाजूने लावा आणि तिथून पेडलकडे तिरका करा. चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता दोरी सीटच्या फ्रेमला बांधा. दोरी इतकी आखूड ठेवा की कॅमेरा सुटला तरी पेडलपर्यंत पोचणार नाही. पायांजवळ अंधार असतो, म्हणून १२ व्होल्टची एलईडी पट्टी डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आतून लावा आणि तिची वायर स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांबून फिरवा.