ओटीडीआर भाड्यानं घेतोयस? आधी त्याचा कागद बघ

भावा, गडहिंग्लजकडं ओव्हरहेड फायबरचं पहिलंच सबकाँट्रॅक्ट मिळालंय, शिडी, पुल्या, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन स्वतःचं आहे आणि ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठं तुटलीय, कुठं लॉस आहे ते दाखवणारं मशीन) तेवढा शेवटी दोन दिवस भाड्यानं आणून टेस्टिंग उरकणार, असं तू लिहिलंयस. ते "शेवटी दोन दिवस" वाचलं आणि पोटात गोळाच आला. आमचं बिल नेमकं तिथंच अडकलेलं.

हेल्मेट, बेल्ट, ग्लोव्हज, दोर हे सांगत बसत नाही, तुला ठाऊक असणार. फक्त शिडी अॅल्युमिनियमची असेल तर ती घरी पंखा पुसायला ठेव, विजेच्या तारांजवळ फायबरग्लासचीच. आणि केबलमध्ये धातू नसला तरी बिनधास्त हात घालायचा नाही, ओली झालेली केबल कुणाची नाही.

आता मूळ दुखणं. आमचं काम पन्हाळ्याच्या बाजूचं होतं. केबल चढली, जॉइंट मारून झाले, लोक नेट वापरायला लागले, आणि रिपोर्टची फाइल घेऊन ऑफिसात गेलो (कुठलं ते विचारू नको, परत काम करायचंय) तर पहिला प्रश्न, "कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठाय?" म्हणजे मशीन बरोबर मोजतंय याचा कागद. वर्क ऑर्डरमध्ये त्याचा एक शब्द नाही. भाड्यानं देणाऱ्याकडं मागितलं तर त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, तो निघाला भलत्याच मशीनच्या सर्टिफिकेटचा, आणि ते ऑफिसात लगेच पकडलं, कारण ओटीडीआरच्या एसओआर फाइलमध्ये (मशीन स्वतः साठवतं ती मूळ फाइल) मशीनचा सिरियल नंबर, तारीख, वेळ, प्रकाशाची वेव्हलेंथ सगळं आत लिहिलेलं असतं, पीडीएफवर दिसो ना दिसो. बरं, तपासलं याचा राग नाही, तपासलंच पाहिजे. राग याचा की हीच अट काम सुरू व्हायच्या आधी अर्ध्या ओळीत लिहून द्यायला काय जात होतं? अट लेखी द्या म्हटलं तर "तुम्ही आधी अर्ज द्या", अर्ज दिला तर "हे आमच्या टेबलाचं नाही, वर जावा", वर गेलं तर साहेब मीटिंगला, आणि खाली आलं तर खालच्यांचा जेवणाचा डबा उघडलेला. शेवटी दुसरं मशीन आणून सगळी लाइन दोन्ही टोकांनी परत टेस्ट केली, तीही रात्री, कारण चालू लाइनवर साधा ओटीडीआर लावता येत नाही आणि दिवसा बंद केली की गिऱ्हाइकांचे फोन. बिल पार गणपती होऊन गेल्यावर निघालं, तोवर पोरांचे पगार उसनवारीवर.

म्हणून तू आत्ताच, केबलला हात लावायच्या आधी, ज्यांचं काम घेतलंयस त्यांना मेलवर विचार: टेस्ट कुठल्या वेव्हलेंथवर, एका बाजूनं की दोन्ही, एका जॉइंटला किती लॉस (वाटेत कमी होणारा प्रकाश) चालतो, फाइल एसओआर पाहिजे की पीडीएफ, सर्टिफिकेट किती जुनं चालतं. फोनवर विचारू नको, फोनवर सगळे "हो हो, बघू की" म्हणतात. मशीन ताब्यात घेताना सर्टिफिकेटवरचा सिरियल नंबर आणि मशीनच्या पाठीवरचा नंबर शेजारी धरून फोटो काढ, आणि मशीनचं घड्याळ बघ. भाड्याच्या मशीनची तारीख कधी कधी मागच्या कुठल्यातरी वर्षातली असते, तशी फाइल गेली की परत बोंबाबोंब.

दुसरं म्हणजे ओटीडीआर नुसता शेवटी नको, सुरुवातीला पण आण. केबलचा ड्रम गाडीतनं उतरला की जमिनीवरच सगळ्या फायबर तपासायच्या आणि कंपनीच्या टेस्ट शीटशी ताडून बघायच्या. एकदा केबल खांबावर चढली की फायबर वाटेत तुटली का तुझ्या पोरांनी ओढताना तोडली, हे सिद्ध कोण करणार? सप्लायर तर हात वर करतोच. मशीनमध्ये रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (ज्या आकड्यावरनं मशीन अंतर काढतं तो) केबलच्या डेटाशीटवरचा टाक, नाहीतर फॉल्ट एका खांबावर दाखवेल आणि पोरगा चढेल भलत्याच. लाँच केबल (मशीन आणि लाइन यांच्यामध्ये जोडायची जादाची फायबर) माग, ती नसेल तर पहिला कनेक्टर कसा आहे ते कळतच नाही. आणि 1310 नॅनोमीटर वेव्हलेंथवर सगळं छान दिसलं म्हणून खूश होऊ नको, 1550 वर पण बघ, क्लॅम्प जास्त आवळला असेल किंवा लूप लहान मारला असेल तर ते तिथं जास्त उघडं पडतं. ओढताना वाकवायची मर्यादा साधारण केबलच्या जाडीच्या 20 पट धरतात, बसवल्यावर 10 पट, पण डेटाशीटवर असेल ते खरं. मी काय इंजिनिअर नाही, हातानं शिकलेला माणूस.

माझं मत विचारशील तर पहिल्या कामाला ओटीडीआर विकत घेऊच नको, त्या पैशातनं चांगला क्लीव्हर, म्हणजे जोडायच्या आधी फायबर सरळ कापायचं हत्यार, घे. लोक लाखाचं स्प्लायसिंग मशीन घेतात आणि क्लीव्हर कुठलातरी, मग जॉइंट परत परत मारत बसतात आणि मशीनला शिव्या. बऱ्याच क्लीव्हरच्या पात्याला 16 जागा असतात, कट वाकडा यायला लागला की पातं फेकू नको, जागा फिरव. गगनबावडा, आजरा असल्या ओल्या हवेत स्प्लायसिंग मशीन काढलं की आधी आर्क कॅलिब्रेशन, म्हणजे जॉइंट वितळवणाऱ्या ठिणगीची जुळणी.

ड्रमचा स्टँड रेडीमेड घ्यायची गरज नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीपण बनवून देतंय, फक्त ब्रेक लावून घे, उतारावर ड्रम सुटला की आवरत नाही. केबल ओढायच्या जाळीच्या पुढं स्विव्हल (फिरता जोड) लाव, नाहीतर पीळ पडतो. आणि आपल्याकडं रस्ता ओलांडताना उंची धरायची ती भरलेल्या उसाच्या ट्रॉलीवरनं, रिकाम्या रस्त्याकडं बघून नाही. सीझन सुरू झाला की कळतं.

केबल कुठली आहे ते लिहिलं नाहीस, एडीएसएस (धातू नसलेली, स्वतःच्याच जोरावर टांगायची) का स्टीलच्या तारेची आठच्या आकाराची? ते कळव, क्लॅम्प त्यावरच ठरतात.