आजीच्या ट्रंकेत रिबनीने विणलेलं जॅकेट सापडलं. ते किती जुनं आहे, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की जॅकेट मोतिया रंगाच्या रिबनीचं आहे, बगलेखाली चेन आहे, कॉलरच्या आत मुंबईच्या दुकानाची पट्टी आहे आणि घरचे 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणतात. मी इथे साताऱ्यात बरीच वर्षं विणकाम शिकवते. माझं पहिलं सांगणं हेच, की नमुना बघून वय ठरवू नका. रेयॉनच्या रिबनीचे कपडे अमेरिकेत १९४०–५० च्या दशकांत जोरात होते हे खरं, पण बायका एकदा हातात बसलेला नमुना पुढे वीस-पंचवीस वर्षं विणत राहतात. कपड्यातली सगळ्यात नवी वस्तू शोधा. कपडा तिच्याहून जुना असायचा नाही, मात्र ती मागाहून लावलेली नसावी.

चेनीपासून सुरुवात करा. दात धातूचे की नायलॉनचे? नायलॉनची चेन सर्रास झाली ती १९६० नंतर. पण इथेच मी एकदा फसले होते. मावशीचा रिबनीचा क्रोशाचा ब्लाउज नायलॉनची चेन बघून मी 'सत्तरच्या आसपासचा' म्हणून बाजूला ठेवला. नंतर उन्हात उलटा करून पाहिला, तर चेनीच्या कापडी पट्टीशेजारी सुईच्या जुन्या भोकांची आणखी एक ओळ होती, तिथे पिवळट दोऱ्याचे तुकडे अडकलेले होते आणि त्या बोटभर जागेतली रिबीन बाकीपेक्षा उजळ होती. म्हणजे आधीची रुंद चेन उसवून ही बसवलेली. चेनीखाली दडलेल्या खांबांचा (क्रोशाच्या उभ्या टाक्यांचा) रंग उडालेला नव्हता.

मग कॉलरमधली दुकानाची पट्टी. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी नुसतं 'मुंबई ४' असं टपाल विभागाचा आकडा लावून लिहीत. पिन कोड नाही म्हणजे जुनंच, असं मात्र नाही. दुकानदार छापून ठेवलेल्या पट्ट्या संपेपर्यंत वापरतात. किमतीची चिठ्ठी आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी आण्यांऐवजी नवे पैसे सुरू झाले.

रिबीन कशाची आहे हेही पाहा. आतल्या टोकाचा दोन धाग्यांएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळा. रेयॉन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. नायलॉन वितळून कडक मणी होतो, आणि नायलॉन बाजारात आलं १९४० च्या सुमारास. रेयॉन निघालं तर त्यावरून काळ ठरत नाही, ते त्याआधीही होतं आणि आजही मिळतं.

जॅकेट कृपा करून भिजवू नका. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि स्वतःच्याच वजनाने लोंबतं. पाहताना टॉवेलवर आडवं पसरा, हँगरला टांगू नका.

पट्टीवर मुंबईपुढे कोणता आकडा आहे आणि चेनीशेजारी दुसरी भोकं दिसतात का, एवढं कळवा.