दुःखातून सावरण्याच्या भक्तिकविता वर्गात कशा शिकवाव्यात?

तुम्ही विचारलंय की, आजारातून किंवा दुःखातून बरं होण्याबद्दलच्या धार्मिक कविता नववी-दहावीच्या मुलांना शिकवायच्या आहेत, वर्गात वेगवेगळ्या धर्मांची आणि देव न मानणारीही मुलं आहेत, तर तासाचं प्रवचन होऊ नये म्हणून काय करावं.

मी बरीच वर्षं भाषा शिकवते. माझं पहिलं सांगणं हे की सावरण्याच्या ओळींपाशी पोचायची घाई करू नका. आपल्याला तिथे हायसं वाटतं म्हणून आपण तिकडे धावतो, पण वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या घरात आत्ता, या आठवड्यात, कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. त्याला ती घाई लगेच कळते.

म्हणून मी सुरुवात बायबलमधल्या 88व्या स्तोत्राने करते. त्यात माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो आणि उत्तर येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ याच अर्थाचा आहे. मुलं चकित होतात: धर्मग्रंथात अशी तक्रार चालते? चालते, आणि ती जपून ठेवली गेली आहे. मग 30वं स्तोत्र घ्या. रात्री रडणं मुक्कामाला आलं तरी सकाळी आनंद येतो, असं ते म्हणतं. दोन्ही शेजारी ठेवून एवढंच विचारा, की या रात्री आणि त्या सकाळी यांच्यामध्ये काय घडलं असेल? कवितेत ते लिहिलेलं नाही. माझ्या वर्गात सगळ्यात चांगली चर्चा या न लिहिलेल्या जागेवरच होते.

एकदा एका मुलीने विचारलं, ‘प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही, तर कविता खोटी ठरते का?’ त्या दिवशी मी गुळमुळीत काहीतरी बोलले, त्याची रुखरुख अजून आहे. आता मी जॉर्ज हर्बर्टची ‘द फ्लॉवर’ वाचते. माझं सुकलेलं हृदय पुन्हा हिरवं होईल असं कुणाला वाटलं असतं, असं हा इंग्रज धर्मोपदेशक विचारतो. कडक थंडीत फुलं जमिनीखाली आपल्या आईला, म्हणजे मुळाला, भेटायला जातात, ही त्याची प्रतिमा मुलांना समजावून सांगावी लागत नाही. पुढे तो म्हणतो की मी पुन्हा लिहितोय, मला पुन्हा दव आणि पावसाचा वास येतोय. हर्बर्ट 1633 मध्ये, चाळिशीही न गाठता गेला आणि हा कवितासंग्रह त्याच वर्षी, त्याच्या मागे छापला गेला. शरीर वाचलं नाही, तरी तो हिरवेपणा खोटा नव्हता. मी मुलांपुढे एवढंच ठेवते आणि थांबते.

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग मात्र सोडू नका. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर दार लावून बसले, आणि धाकटी बहीण बाहेरून समजावते आहे, अशी त्यामागची कथा. ‘जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तिसी तोडिली’ ही ओळ ऐकून मुलं हसतात, मग गप्प होतात. इथे सावरण्याचा आवाज बाहेरून, आपल्याहून लहान माणसाकडून येतो. भावंडं असलेल्या मुलांना हे फार लागतं.

श्रद्धेबद्दल ‘तुम्ही मानता का?’ असं विचारूच नका. ‘या कवीचा विश्वास कवितेत कुठे डळमळतो, कुठे टिकतो, ओळ दाखवा,’ असं विचारा. मग मानणारा आणि न मानणारा दोघेही पुस्तकात बघतात.

आणि कृपा करून ‘स्वतःच्या दुःखावर कविता लिहा’ असा गृहपाठ देऊ नका. मुलाची जखम गुण देण्यासाठी नसते. मी त्या दोन स्तोत्रांमधलं नसलेलं कडवं लिहायला सांगते. ज्याला स्वतःचं काही सांगायचं असतं, ते त्यात आपसूक येतं आणि ‘हे कवीचं आहे’ असं म्हणायची सोयही राहते. कुणी कोरा कागद दिला तर तोही ठेवून घेते, आणि तास संपल्यावर त्या मुलाशी दोन शब्द बोलते, कवितेबद्दल नाही.