जपानी पेटी, अडकणारा नट

प्रश्न : चोरबाजारात जुन्या जपानी जोडणी-खेळण्याची पेटी मिळाली : भोकांच्या धातूच्या पट्ट्या, चाके, नट-स्क्रू. नट कमी आहेत. बाजारातला ३ मिमीचा नवा नट दोन फेरे फिरून अडकतो. पान्ह्याने जोर लावू का?
— वाचक, परळ

उत्तर : मुळीच नको. १९६० च्या दशकात जपानने आंतरराष्ट्रीय आटे स्वीकारले. त्याआधी तिथल्या ३ मिमी स्क्रूचा पिच (लागोपाठच्या दोन आट्यांतले अंतर) ०.६ मिमी होता, आज तो ०.५ आहे. ४ मिमीचा ०.७५ होता, आज ०.७ आहे. व्यास तोच असल्यामुळे नट तोंडाशी धरतो, पण दर फेऱ्याला फरक साठत जातो आणि नट अडतो. वर जोर दिलात, तर नवा पोलादी नट जुन्या पितळी स्क्रूचे आटे सोलून काढील, आणि तसा स्क्रू परत मिळणे कठीण.

आधी मोजा. व्हर्नियर या मोजपट्टीने व्यास, पिच गेज या दातेरी पात्यांच्या मापकाने आटे. व्यास ३.९७ मिमीच्या आसपास आणि पिच ०.७९ आला, तर ते मेकॅनो या ब्रिटिश जोडणी-खेळण्याचे ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे. त्याला मेकॅनोचेच नट लागतात. पट्टीवर पहिल्या भोकाच्या मध्यापासून अकराव्याच्या मध्यापर्यंतचे अंतरही घ्या. १२७ मिमी म्हणजे अर्धा इंची भोके, १०० म्हणजे १० मिमीची; दोन्ही पट्ट्या एका चौकटीत जुळत नाहीत.

आमचा सल्ला : कमी पडणाऱ्या जागी नट आणि स्क्रू दोन्ही नवे, जोडीनेच वापरा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ‘३ एमएम, चिरेचा, ६ एमएम लांब’ असे मागा; चिरेचा म्हणजे डोक्यावर सरळ खाच असलेला. डोके शेजारच्या भोकावर येत नाही ना, हे दुकानातच पट्टी लावून पाहा. नव्या जोड्या वेगळ्या डबीत ठेवा, एकदा मिसळल्या की निवडता निवडता जीव जातो. जुन्या नटात नवा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवू नका, उरलेले आटेही जातील.

प्रश्न : निकेलच्या पट्ट्यांवर गंजाचे ठिपके आहेत. व्हिनेगरमध्ये बुडवू का?
— वाचक, वसई

उत्तर : नको. आम्ल मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरून लोखंड खाते आणि निकेल पापुद्र्यासारखे सुटते. पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, पितळी ब्रशने हलकेच घासा, पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. रंगीत पट्ट्या मात्र घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्या लहान मुलांच्या हातीही नकोत. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाका. रबरबँडने गठ्ठे बांधू नका, त्यातल्या गंधकाने पितळ काळे पडते.

प्रश्न : पेटीचे वय कसे ओळखावे?
— वाचक, ठाणे

उत्तर : ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ छापले असेल तर माल १९४७ ते १९५२ मधला. शोवा या जपानी कालगणनेतल्या सालाचा आकडा असेल तर त्यात १९२५ मिळवा : शोवा ३० म्हणजे १९५५. नुसते ‘जपान’ असेल, तर आट्यांचा पिच पाहा : ३ मिमी स्क्रूचा ०.६ आला, तर आटे वर सांगितलेल्या बदलाआधीचे.