ओपनपायलट म्हणजे गाडी आपोआप लेनमध्ये चालवायला मदत करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. माझ्या गाडीचं मॉडेल त्याच्या यादीत नाही, तरी स्वतः पोर्ट करता येईल का, म्हणजे ते माझ्या गाडीवर चालतं करता येईल का?

येईल, पण आधी गाडीत काय आहे ते बघा. लेन कीपिंग, म्हणजे लेनमध्ये राहायला गाडीने स्वतः स्टिअरिंग वळवणं, कंपनीनेच दिलेलं हवं, कारण ओपनपायलट वेगळी मोटर लावत नाही, पॉवर स्टिअरिंगची जी मोटर आहे तिलाच कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांना जोडणाऱ्या नेटवर्कवरून, मेसेज पाठवतं. लेन सुटली की नुसतं बीप करणारी गाडी असेल तर विषय तिथंच संपला. दुसरं, टोयोटाच्या काही नव्या मॉडेल्समध्ये हे मेसेज गुप्त डिजिटल किल्ली वापरून साइन केलेले असतात, ती किल्ली हातात नसेल तर स्टिअरिंग तुमचं ऐकतच नाही, म्हणून हे तपासल्याशिवाय हार्नेसवर, म्हणजे ओपनपायलटचं उपकरण गाडीला जोडणाऱ्या वायरिंगवर, पैसे घालू नका.

रस्ता ओळखणारं मॉडेल सगळ्या गाड्यांना एकच आहे, खरं काम तुमच्या गाडीचे मेसेज ओळखण्याचं. त्याच कंपनीची भावंड गाडी यादीत असेल तर नशीब समजा, पुष्कळदा मेसेज तेच निघतात आणि फर्मवेअरचे (गाडीतल्या कंप्युटरांच्या सॉफ्टवेअरचे) नंबर टाकून थोड्याफार बदलात भागतं. नाहीतर ड्राइव्ह रेकॉर्ड करा, कबाना हे कॅन मेसेज बघायचं टूल उघडा, ब्रेक दाबला की कुठला बिट बदलतो, स्टिअरिंग फिरवलं की कुठला आकडा हलतो असं एकेक शोधत ओपनडीबीसीच्या फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या मेसेजचा अर्थ काय याच्या नोंदीत, लिहीत जा. वेळखाऊ आहे पण मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

लोक अडकतात ते पुढे, कमांड पाठवताना. बहुतेक कमांड मेसेजमध्ये एक काउंटर (मेसेजचा क्रमांक) आणि चेकसम (मेसेज बरोबर आहे का हे तपासायचा आकडा) असतो, तो चुकला की स्टिअरिंग मेसेजकडे दुर्लक्ष करतं किंवा डॅशबोर्डवर फॉल्ट येतो. शिवाय गाडीचा मूळ कॅमेरा पण त्याच कमांड पाठवत असतो, त्या अडवाव्या लागतात, हार्नेस कॅमेऱ्याच्या कनेक्टरमध्ये बसतो तो त्यासाठीच.

आणि एक कळकळीने सांगतो, पांडामधल्या (ओपनपायलट आणि गाडीच्या कॅन बसमधल्या हार्डवेअरमधल्या) सेफ्टी कोडच्या लिमिट सैल करू नका. जास्तीत जास्त किती टॉर्क (स्टिअरिंग वळवायचा जोर), तो किती झपाट्याने वाढू द्यायचा, ब्रेक दाबला की कंट्रोल सोडायचा, हे सगळं तिथं सी भाषेत लिहिलंय आणि मुद्दाम वेगळ्या चिपवर ठेवलंय, म्हणजे वरचं सॉफ्टवेअर चुकलं तरी गाडी तुमच्या हातात राहते. वळणावर गाडी बाहेर जाते म्हणून लिमिट वाढवायचा मोह होतो, पण आधी ट्यूनिंग बघा, दिलेल्या टॉर्कला गाडी प्रत्यक्षात किती वळते ते लॉगमध्ये दिसतं. काही गाड्यांचं स्टिअरिंगच तेवढं जोर देत नाही, तिथे वळण तुम्हीच घ्यायचं.